आठ तासांचं मशीन आणि अर्धी कळशी पाणी

सोलापूरहून परत आल्यापासून चिपळुणात ज्याने त्याने एकच विचारलं, "चादरी आणल्या का?" नाही आणल्या. चार दिवस मी त्या जिल्ह्यात होतो. त्यातले दोन सिलिंडरांची वाट बघण्यात गेले आणि उरलेले एका मशीनसमोर खुर्ची टाकून बसण्यात. चादरीच्या दुकानाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे बाजारात भेटेल त्याला पहिल्यापासून सांगत बसायला नको.

मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलांच्या मासिकांत विज्ञानाचे लेख लिहितो. माझा एक जुना विद्यार्थी श्रीनिवास. सोलापूरच्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा मुलगा, प्रवेश मिळाला म्हणून कोकणात येऊन पडला होता आणि तीन वर्षं "सर, इथे कपडे वाळतच नाहीत," एवढं एकच रडगाणं गात होता. आता त्याची चिंचोळी एमआयडीसीत छोटी शेड आहे. तिथे तो हायड्रोजनवर चालणारे इंधनघट जोडतो. त्याचा फोन आला, "सर, शनिवारी चाचणी आहे. तुम्ही याच."

चाचणी कसली ते आधी सांगतो. सांगोल्याकडच्या एका गावात जनावरांचा दवाखाना आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तिथल्या फ्रिजमध्ये मेंढ्यांच्या लसी ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात वाऱ्याने खांब पडला, दीड दिवस लाईट नव्हती, लसी तापून निकामी झाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच लसी टोचल्या आणि पुढे रोग आला तेव्हा मेंढरं पटापट मेली. दवाखान्यात झाडलोट आणि फ्रिज सांभाळायला सुलाबाई नावाची कंत्राटी बाई आहे. तिची स्वतःची अकरा गेली. तिने तालुक्याला खेटे घालून घालून साहेबलोकांना इतकं पिडलं, की शेवटी त्यांनी श्रीनिवासचं मशीन परीक्षेपुरतं ठेवून घेतलं. अट एकच. बाहेरची वीज बंद करून साहेबांच्या समोर मशीनने सलग आठ तास दवाखाना चालवायचा. चाललं तर मशीन तिथेच राहणार. नाही चाललं तर टेम्पोत घालून परत.

जुळे सोलापूर, बुधवार

स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने कामाचं विचारलं, मीही सांगायचा मूर्खपणा केला. तो मागे वळून बघतच राहिला. "चाचा, वो फुग्गेवाला गॅस? फटता नै ना?" मी त्याला म्हटलं, बाबा, तू आधी समोर बघ, नाहीतर आपण दोघे हायड्रोजनशिवायच फुटू.

श्रीनिवासचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नाही. बादल्या, पिंपं, पातेली, कुकर, दुधाच्या किटल्या, सगळं पाण्याने काठोकाठ भरलेलं. नळाला चार दिवसांनी पाणी आलं होतं. त्याची आई परातीतून ओंजळीने उरलेलं पाणी तांब्यात भरत होती. मी प्रवासातला थर्मास बेसिनजवळ ठेवून तोंड धुऊन वळतो तोवर तोही भरलेला. त्यात माझा चहा होता, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "होता की. तो भांड्यात काढला."

आमच्याकडे पाणी न बोलावता घरात शिरतं, वर कपाटापर्यंत चढतं. त्यामुळे ही साठवासाठवी बघून मला गंमत वाटली आणि थोडी चीडही आली, कारण आंघोळीला मला मोजून पाऊण बादली मिळाली. त्या चिडीपोटी मी त्यातून काही शिकलो नाही. ते किती महागात पडलं ते शनिवारी कळलं.

जेवण मात्र असं, की तक्रारीला जागा नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. भाकरी पापडासारखी मोडायची आणि चटणीत दही कालवून खायचं. माऊली "इंकोंचम, इंकोंचम" करत वाढत राहिल्या. आणखी थोडं, असा त्याचा अर्थ. चौथ्या वेळी थोडं म्हणजे किती, ते विचारायची सोय राहिली नव्हती.

चिंचोळी, गुरुवार

शेडमध्ये मशीन नव्हतंच. ते आधीच गावी गेलं होतं. सिलिंडर तेवढे यायचे होते. व्यापाऱ्याने सकाळी दहाला पाठवतो म्हणून सांगितलं होतं. दहाला फोन केला तर "निघालाय." बाराला, "वाटेवर आहे." तीनला, "ड्रायव्हर जेवतोय." पाचला श्रीनिवास स्वतः गेला तर सिलिंडर गोदामातच उभे आणि ड्रायव्हर त्यांना टेकून झोपलेला. बुधवारी येणार होते ते गुरुवारी आले नाहीत आणि शुक्रवारी सकाळी आम्हीच उचलून आणले. माझ्या रागाचा पारा बाहेरच्या उन्हाबरोबर चढत होता. श्रीनिवास मात्र शांत. "सर, सोलापुरात उद्या म्हणजे उद्याच असं नसतं."

दिवसभर करायचं काय, म्हणून त्याने मला भविष्य ऐकवलं. बस हायड्रोजनवर धावणार, लांब पल्ल्याचे ट्रक धावणार, रेल्वे, जहाजं, सगळं. इंधनघट म्हणजे काय, ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा. मधे एक पातळ पडदा. तिथे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एक होतात आणि त्या मेळात वीज मिळते. जळत काही नाही, धूर नाही, जनरेटरसारखा धडधडाट नाही. बाहेर पडतं ते थोडी ऊब आणि पाणी.

मी त्याला माझी शंका विचारली. विजेने पाणी फोडायचं, हायड्रोजन काढायचा, तो दाबून भरायचा, वाहून न्यायचा आणि तिथे त्याची परत वीज करायची. निम्म्याहून जास्त वीज वाटेतच संपते. हा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ बॅटरी लाव.

"मोटरसायकलला बॅटरीच बरी, सर," तो म्हणाला. "पण त्या दवाखान्यात सोलर होतं, बॅटऱ्या होत्या. उन्हाने दोन वर्षांत मेल्या. चांगल्या असत्या तरी तीन तास ओढल्या असत्या. जनरेटर आहे, त्यात डिझेल कधीच नसतं. इथे दोन-दोन महिने काही लागत नाही आणि मग एकदम दीड दिवस लागतं. भरलेला सिलिंडर कोपऱ्यात वर्षभर उभा राहिला तरी काही बिघडत नाही. माझं मशीन त्या दीड दिवसासाठी आहे."

हे मला पटलं. मात्र मी तसं बोललो नाही, कारण सिलिंडर अजून आले नव्हते.

दवाखाना, शुक्रवार

माळावर एकटी इमारत. मागे एक कडुनिंब, त्याच्या सावलीत पन्नासेक मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. सुलाबाई दारातच होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. तिने आधी सिलिंडर मोजले, मग आमच्याकडे बघितलं.

"बुदवारी येनार हुता न्हवं?" ती श्रीनिवासला म्हणाली.

"अक्का, सिलिंडर मिळाले नाहीत."

"आन हे कोन?"

"माझे सर आहेत. चिपळूणहून आलेत मशीन बघायला."

"बगा की मास्तर. पर चाललं पायजे. न्हाय चाललं तर माज्या मेंढरांस्नी काय सांगू?"

मशीन जुन्या लाकडी कपाटाएवढं. श्रीनिवासने सिलिंडर जोडले, वरचा झरोका उघडला, कारण हायड्रोजन सुटलाच तर वर जातो, आणि मग बटण दाबलं. बारीक गुंजन सुरू झालं. फ्रिज चालू, पंखा चालू. सुलाबाई मशीनला कान लावून उभी राहिली आणि खुदकन हसली. "माज्या नातीपरास कमी कुरकुरतंय की वो."

तासाभराने ती मागून फिरून आली. "मागं नळी गळतीय."

"ती गळणारच, अक्का," मशीनमधलं डोकं बाहेर न काढता श्रीनिवास म्हणाला. "त्यात काही नाही. नुसतं पाणी आहे. तिकडे लक्ष देऊ नका."

मी शेजारीच उभा होतो. मीही माझ्या लेखांत हेच लिहीत आलोय, बाहेर पडतं ते केवळ पाणी. मलाही त्यात काही खटकलं नाही. दुपारी सुलाबाईने घरून हुलग्याचं माडगं आणलं, ते पिऊन आम्ही तृप्त झालो आणि मशीन उत्तम चालतंय या आनंदात तालुक्याला मुक्कामाला गेलो.

दवाखाना, शनिवार

साहेब नऊला येणार होते, ते साडेनऊला आले. हातात छापील फॉर्म. बाहेरची वीज तोडली, मशीन लावलं, साहेबांनी घड्याळ बघून वेळ लिहिली आणि पंख्याखालची खुर्ची धरली. मशीनचा आवाज इतका कमी, की अकरापर्यंत साहेबांचा डोळा लागला. मी मनात म्हटलं, याहून चांगलं प्रशस्तिपत्रक काय असणार.

पावणेदोनला मशीनने एकदा टुंग केलं. मग लाल दिवा लागला. पंखा हळूहळू थांबला आणि साहेब जागे झाले.

सुलाबाई धावली ती मशीनकडे नाही, फ्रिजकडे. बाहेरची लाईटही नेमकी गेलेली, म्हणून ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "कुनी उगडायचं न्हाय! गारवा जाईल."

श्रीनिवासने पत्रा उघडून आकडे बघितले. त्याचा चेहरा पडला. "सर, आतले घट पाण्यात बुडालेत. पाणी बाहेरच गेलेलं नाही."

"काल तर जात होतं."

"काल जात होतं."

मी मागच्या बाजूला गेलो आणि जे बघितलं त्याने माझं डोकंच फिरलं. भिंतीतून जी बारीक नळी बाहेर येते, तिला एक हिरवा बागेचा पाईप घट्ट बसवलेला, वर चिंधीने आवळून बांधलेला. तो पाईप भिंतीकडेने वर चढून कमरेएवढ्या दगडी कट्ट्यावरच्या निळ्या पिंपात सोडलेला. पाणी काही आपणहून कट्टा चढत नाही. ते पाईपात तुंबलं, तिथून मागे सरकत मशीनमध्ये शिरलं आणि घटांचा श्वास कोंडला. मी रागाने पाईप उपसला. सगळं पाणी माझ्या चपलांवर. किती होतं? अर्धी कळशीसुद्धा नाही. अर्ध्या कळशीसाठी हे सगळं!

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

"म्या केलं," आतून आवाज आला. फ्रिज सोडायची तिची तयारी नव्हती. "सकाळी सातला. काल दिसभर मातीत चाललं हुतं. दिसलं म्हून लावलं."

मी आत गेलो. "बाई, विचारायचं तरी! पिंप वर, नळी खाली. पाणी चढणार कसं?"

"पिपाला चावी हाय. पिंप खाली ठिवलं तर चावीखाली कळशी कशी लावू?" मग ती श्रीनिवासकडे वळली. "ह्यो म्हनाला, निस्तं पानी हाय. निस्तं म्हंजी काय वो? आमच्याकडं टँकर येतोय तेवा मानसं निस्त्या पान्यासाटी डोस्की फोडत्यात. गळतं भांडं दिसलं तर त्याच्याखाली दुसरं लावायचं, ह्ये काय कुनाला इचारून करायचं असतंय?"

श्रीनिवास खाली बसून घटांवरचं पाणी पुसू लागला. तीन दिवसांपूर्वी याच्या आईने माझ्या थर्मासातलासुद्धा रिकामा कोपरा सोडला नव्हता. त्याच घरात वाढलेल्या मुलाने गळती नळी नुसती सोडली, आणि तीस वर्षं शिकवत आलेल्या मी शेजारी उभं राहून मान डोलावली. माझा सगळा राग फिरून माझ्याच अंगावर आला, आणि असा राग काढायचा कुणावर, हे आजवर मला कळलेलं नाही.

"आन मास्तर," तिला तेवढ्यात काहीतरी सुचलं, "ह्ये पानी मशीनात येतंय कुटनं?"

मी सांगितलं. हे सिलिंडर कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यातून येतात. तिथे मिठाचं पाणी विजेने फोडतात, त्यातून हायड्रोजन सुटतो. इथे तो हवेशी जुळून त्याचं परत पाणी होतं.

"म्हंजी कुनाच्या तरी वाटचं पानी हाय की ह्ये. आन तुमी मातीत सोडताय."

उद्या गावोगावी पाणी फोडून हायड्रोजन करायचे बेत चाललेत, ऊन भरपूर म्हणून आपल्या कोरड्या जिल्ह्यांकडे बोट दाखवतात. तिथे पहिला प्रश्न हाच येणार आहे, आणि तो विचारणारी बाई फ्रिजला पाठ लावून उभी असणार आहे.

घट वाळवून, पाणी झटकून अडीचला मशीन परत सुरू झालं. सुलाबाईने आता कुठे फ्रिज सोडला. पण साहेबांचा फॉर्म होताच.

"सलग आठ तास झालेले नाहीत," साहेब म्हणाले. "मला कारण लिहावं लागेल. यंत्रातील दोष लिहिलं तर नापास, यंत्र परत. बाहेरील व्यक्तीचा हस्तक्षेप लिहिलं तर फेरचाचणी घेता येते. पण त्यात व्यक्तीचं नाव लागतं." त्यांनी सुलाबाईकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, फॉर्मपुढे त्याचं काही चालत नव्हतं. "आणि या कंत्राटी आहेत. नाव गेलं तर पुढचं मी सांगू शकत नाही."

"लिवा की," सुलाबाई म्हणाली. "सुलाबाई. फुडं आडनाव घाला. मशीन ऱ्हाऊ द्या."

श्रीनिवासने साहेबांच्या हातातून पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात स्वतः लिहिलं, पाण्याच्या नळीची उंची सांगण्यात माझी चूक झाली. खाली सही केली. मला भरून आलं. असा विद्यार्थी घडवला म्हणून स्वतःची पाठ थोपटायचीच बाकी होती.

सुलाबाईने वाचून घेतलं. आणि तिचा तोल गेला. "तुजी चूक लिवली म्हंजी मशीन परत गेलं न्हवं? लई शाना हायस. माजी नोकरी वाचवली आन मेंढरं मारली! तुला कुनी इचारलं हुतं?" तिने पेन हिसकावलं आणि त्याच रकान्यात, त्याच्या सहीच्या खाली, मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. आणि पुढे, नळी मी लावली.

साहेबांनी कागद हातात घेतला आणि बघतच राहिले. "अहो, एका रकान्यात दोन कारणं चालत नाहीत."

"मग दोन रकाने काडा," ती म्हणाली.

नवा फॉर्म नव्हता. साहेबांनी वर फोन केला. रेंज नव्हती म्हणून कडुनिंबाखाली मेंढरांत उभं राहून केला. वीस मिनिटांनी परत आले आणि रकान्याखाली लिहिलं, कारण निश्चित नाही, फेरचाचणी घ्यावी. खरं कारण तिथे पडलेल्या शेवटच्या थेंबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, माझ्या चपला अजून ओल्या होत्या. पण कागदाला ते माहीत नाही. मशीन आठवडाभर राहिलं.

संध्याकाळी निघताना बघितलं, तर सुलाबाई नळीच्या खाली टिकावाने खड्डा खणत होती. त्यात कळशी गळ्यापर्यंत बसवली. "खाली ठिवली तर चालतंय न्हवं, मास्तर?" चालतंय म्हटलं. मग उरलेला खड्डा बुजवायला मीही चार घमेली माती ओढली. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, ती चिपळुणात येईपर्यंत सुटली नाही.

चिपळूण

फेरचाचणी पुढच्या शनिवारी झाली. मी घरी होतो. सहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मास्तर, सुलाबाई बोलतीया. आठ तास चाललं. सायबांनी सही किली. मशीन ऱ्हायलं."

मी इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणालो की आतून बायको धावत आली. मग मी विचारलं, "आणि कागदावर तुमचं नाव होतं, त्याचं काही झालं नाही ना?"

"झालं की. त्यो कागद वर गेला, वरनं चिठ्ठी आली. सरकारी चाचनीत हात घातला म्हून काडून टाकलं. मंगळवारपास्नं मी न्हाय कामाला."

साहेबाला, कार्यालयाला, त्या एका रकान्याला, कुणाकुणाला शिव्या घालाव्यात याची मनात यादी सुरू झाली. तेवढ्यात तिच्या मागून मेंढरांचा आवाज आला आणि श्रीनिवास कुणाला तरी "हळू, हळू" म्हणाला.

"सुलाबाई, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"दवाखान्यात. आनकी कुटं? रोजच येते."

"अहो, पण कामावरून काढलंय ना तुम्हाला? मग रोज कशाला जाता?"

"काय मास्तर तुमी," ती वैतागून म्हणाली, "लस काय सायबाच्या मेंढरांना टोचायचीय व्हय?" आणि तिने फोन ठेवला.